स्वतंत्र प्रवेश : आहे

भिंतीच्या पलीकडून खोकला ऐकू आला, तेव्हा मुक्ता आल्याचं मला कळलं.

मी लॅबमधलं उंच स्टूल उचलून बाहेर आणलं, भिंतीला टेकवलं आणि वर चढले. जमीन ओली होती, स्टुलाचे पाय बोटभर आत रुतले. भिंत सात फूट दोन इंच उंच होती. आदल्याच दिवशी मी टेप लावून मोजली होती. वर काचांचे तुकडे बसवले होते. त्यांच्यावरून मला पलीकडचा रस्ता, रस्त्याकडेचा नाला आणि मुक्ताच्या पदराचा वरचा काठ एवढंच दिसत होतं.

"मुक्ता, पुढच्या गेटने ये," मी म्हणाले. "मी स्वतः तिथे येऊन उभी राहते."

"न्हाई येत."

"तेरा डोस चुकले तुझे. आता आणखी चुकले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

 नाल्यातून पाणी जोरात वाहत होतं. मग ती म्हणाली, "त्या गेटावर वही हाय ताई. नाव, कुटं जायचं, कशापायी जायचं, समदं त्यात लिवायचं. मला लिवता येत न्हाई, म्हनून वॉचमननं इचारून लिवलं. टीबीच्या गोळ्या. मी तिथंच बी विंगला तीन घरची भांडी घासत हुते. दुपारच्याला दोघींनी सांगितलं, उद्यापासून येऊ नगं. तिसरीनं काय बी सांगितलं न्हाई, नुसतं दार उघडलं न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. तिला चक्कर येत असेल, गोळ्यांनी मळमळत असेल, नवरा सोडत नसेल, अशी कारणं मी मनात धरली होती. टिपणवहीत तर तसं लिहूनही ठेवलं होतं.

मी म्हणाले, आजच्या गोळ्या पिशवीत बांधून वरून टाकते, तू तिथेच माझ्यासमोर गिळ.

"तुमच्यासमोर कुटं? भिंतीसमोर म्हना."

तरी मी पिशवी टाकली. माझा नेम कधीच चांगला नव्हता. पिशवी रस्त्यावर आपटून उडाली आणि नाल्यात गेली. मुक्ता हसायला लागली आणि हसण्याचा खोकला झाला. तो थांबल्यावर ती म्हणाली, "उतरा खाली. पडाल, तर तुमाला कोन उचलनार," आणि गेली.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा नगरपालिकेच्या आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई सूक्ष्मदर्शकासाठी थुंकीच्या काचा रंगवत बसते, याचं लोकांना वाईट वाटायचं, मला वाटत नव्हतं. त्या काळी क्षयाच्या रुग्णाने सुरुवातीचे दोन महिने आठवड्यातून तीनदा केंद्रावर येऊन आमच्या डोळ्यांदेखत गोळ्या गिळायच्या, असा नियम होता. प्रत्येकाचा नाव घातलेला एक खोका असायचा आणि त्यात त्याच्या पूर्ण उपचाराच्या पट्ट्या. मुक्ता घोडकेचा खोका माझ्या कपाटात वरून दुसरा होता. नऊ डोस तिने जुन्या जागेत घेतले होते आणि दोन नव्या जागेत. पुढच्या पट्ट्या तशाच होत्या.

जुनी जागा म्हणजे वीटभट्टी वस्तीच्या तोंडाशी भाड्याची पत्र्याची खोली. उन्हाळ्यात तिथे सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर माझा घाम टपकायचा. पण वस्तीतल्या बाया पाण्याला जाता जाता गोळ्या घेऊन जायच्या आणि कोण कशाला आलं हे कोणी विचारत नव्हतं.

नवी जागा कुसुमाकर संकुलात. वस्तीला लागून वीटभट्टीची जुनी जमीन होती आणि शहराच्या आराखड्यात तिच्या एका तुकड्यावर आरोग्य केंद्राचं आरक्षण होतं. पालिकेकडे बांधायला पैसा नव्हता. जमीन दुधगावकर बिल्डरने घेतली आणि पालिकेने त्याच्याशी करार केला. दुधगावकरने आपल्या खर्चाने केंद्र बांधून पालिकेच्या ताब्यात द्यायचं आणि त्याबदल्यात त्याच्या तिन्ही इमारतींना चार-चार मजले जास्त मिळायचे. यात मला तेव्हाही काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. पालिकेच्या भरवशावर राहिलो असतो तर आणखी वीस वर्षं त्या पत्र्याखालीच काढली असती. इमारतही चांगली बांधली होती. लॅबला उत्तरेचा उजेड, ग्रॅनाइटचा ओटा, हवा बाहेर फेकणारा पंखा, कोपराने उघडता येणारा नळ. जूनच्या मध्यावर आम्ही तिथे गेलो, तेव्हा मी एका दुपारी कोणी नसताना तो नळ चारदा उघडला आणि बंद केला.

फक्त आत यायला एकच वाट होती, संकुलाच्या मुख्य गेटातून. वस्तीपासून माझी खिडकी चार मीटरवर. वस्तीतून गेटने वळसा घालून यायचं तर एक किलोमीटर आणि वाटेत ती वही.

मे महिन्यात माझ्याकडे थुंकीचे त्रेचाळीस नमुने आले होते, जूनमध्ये चोवीस, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात सहा. त्याच आठवड्यात डॉक्टर मोकाशींनी तिमाही अहवाल वर पाठवला होता. मोकाशी आमचे वैद्यकीय अधिकारी, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले, स्वभावाने मऊ. भिंतीवरून उतरले तशी मी त्यांच्याकडे गेले, तर ते खुशीत होते.

"वाघचौरे, आकडे बघितले का? इमारत लाभली आपल्याला. 'नवीन केंद्रामुळे रुग्णसंख्येत लक्षणीय घट' असं लिहिलंय मी. वरून कौतुकाचं पत्र येईल, बघा."

मी म्हणाले, रुग्ण कमी झालेले नाहीत, येणारे कमी झालेत. पूर्वी दहा नमुन्यांत एक दूषित, म्हणजे क्षयाचे जंतू असलेला, निघायचा, आता सहात दोन निघाले. आजार कमी झाला असता तर हे प्रमाण उतरलं असतं. ते चढलंय, म्हणजे ज्यांना उभंही राहवत नाही तेवढेच लाज सोडून येतायत. बाकीचे खोकत घरी बसलेत. मग मुक्ताचं सांगितलं.

मोकाशींनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. अहवाल गेलाय, म्हणाले. सोसायटीच्या अध्यक्ष अष्टपुत्रेबाईंशी आपण स्वतः बोलून पाहिलं, पण वही सुरक्षेसाठी आहे, ती सगळ्यांना सारखीच, असं त्यांचं म्हणणं. आणि मागच्या भिंतीला दार पाडायचं म्हटलं तर तिथे लहान मुलांची बाग करायची ठरलीय.

"लहान मुलांजवळ टीबीचे पेशंट नकोत, असं म्हणाल्या त्या. वाईट हेतू नाही हो त्यांचा."

"पेशंटच्या हातची घासलेली भांडी चालत होती," मी म्हणाले. मोकाशींनी चष्मा परत घातला.

कराराची प्रत मला दोन दिवसांत मिळाली. नगररचना विभागातल्या शिपायाच्या आईची तपासणी मी केली होती. मी न मागता त्याने सगळीच्या सगळी झेरॉक्स करून आणली. चाळीस पानं. पंचवीस पानं वाढीव मजल्यांची आणि केंद्राची सगळी मिळून तीन. त्या तिनात नववं कलम होतं: 'आरोग्य केंद्रास पश्चिमेकडील सार्वजनिक रस्त्यावरून किमान तीन मीटर रुंदीचा स्वतंत्र प्रवेश राहील व तो संकुलाच्या प्रवेशाशी जोडलेला नसेल.'

पश्चिमेकडे वस्तीचा रस्ता होता. माझी भिंत पश्चिमेची होती.

मी ते पान मोकाशींपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि त्यांना खरोखरच धक्का बसला. मग त्यांनी मला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगितली. संकुलातल्या तिसऱ्या इमारतीचा भोगवटा दाखला अजून द्यायचा होता. तो मिळाल्याशिवाय बिल्डरला घरांच्या किल्ल्या देता येत नव्हत्या. आणि दाखला द्यायला, आरोग्य केंद्राबाबतच्या सगळ्या अटी पुऱ्या झाल्या असं आमच्या केंद्राचं पत्र लागणार होतं. शुक्रवारी दुधगावकरचा माणूस तेच पत्र न्यायला येणार होता.

"एकदा ते पत्र गेलं की संपलं," मोकाशी म्हणाले. "मग दुधगावकर कुठे आणि आपण कुठे."

"मग देऊ नका."

"बघू. तुम्ही त्या वेळी इथेच थांबा."

शुक्रवारी अकरा वाजता फडतरे आला. हा माणूस चौतीस वर्षं पालिकेत ओव्हरसियर होता, निवृत्त झाला आणि तिसऱ्या दिवशी दुधगावकरच्या नोकरीत लागला. कोणती फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस झोपते हे त्याला पाठ. आल्या आल्या त्याने मोकाशींच्या गुडघेदुखीची चौकशी केली, मला बहिणीसारखा नमस्कार केला. मोकाशींनी, त्यांच्या मानाने पुष्कळच धीटपणे, नववं कलम त्याच्यासमोर धरलं आणि विचारलं, हा प्रवेश कुठे आहे?

फडतरेने ते पान पाहिलंही नाही. त्याने आपल्याबरोबर आणलेली पालिकेची मूळ फाईल उघडली, तिच्यातलं खूण घातलेलं पान काढलं आणि मोकाशींपुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवलं.

तो संयुक्त पाहणीचा तक्ता होता. तेवीस मे. चौदा मुद्दे. अकरावा मुद्दा, 'सार्वजनिक रस्त्यावरून स्वतंत्र प्रवेश', आणि त्याच्यासमोर निळ्या शाईत, 'आहे'. अक्षर माझं होतं. खालची सही माझी होती.

"मॅडम, सही तुमचीच ना?" फडतरे म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

तेवीस मे मला सगळा आठवला. ताबा घेण्याआधीची पाहणी, म्हणून दुधगावकरने आम्हाला आणायला गाडी पाठवली होती. मोकाशी, पालिकेचा ओव्हरसियर आणि मी. गाडी मुख्य गेटातून थेट पायरीशी आली. नारळ फोडला, पेढे वाटले, फोटो काढले. ओव्हरसियरने मोजायला टेपही आणली नव्हती. तक्ता भरण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि मी मोजते हे सगळ्यांना माहीत. दाराशी चाकाच्या खुर्चीसाठी केलेल्या उताराचा चढ मी मोजला, एकास बारा. दारांची रुंदी मोजली. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन तपासलं. खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाशी ताडून पाहिलं. ओव्हरसियर हसत म्हणाला होता, बाई, पोरगी द्यायची आहे का या घरात?

अकराव्या मुद्द्याला, दुधगावकरकडून हजर असलेल्या फडतरेने मागचं दार उघडून हात लांब केला होता. मागे पत्र्याच्या कुंपणात एक मोठी फट होती आणि तिच्यातून उजेड येत होता. पलीकडे रस्ता दिसत होता. ऊन होतं आणि आत चहा आला होता. मी उंबरठ्यावरूनच पाहिलं आणि लिहिलं, 'आहे'.

चौदा मुद्द्यांतला तेवढा एकच मी टेप न लावता लिहिला होता.

"ती ट्रकची वाट होती," मी म्हणाले. "विटा-वाळूच्या ट्रकची."

"असेल. त्या दिवशी होती ना? मी दाखवली, तुम्ही बघितली, तुम्ही लिहिली. खोटं कोणीच बोललं नाही."

"ती बुजवणार हे तुम्हाला माहीत होतं."

"मला पुष्कळ गोष्टी माहीत असतात, मॅडम. कोणी विचारलं तर सांगतो."

मी आयुष्यात कधी कोणावर हात उचललेला नाही. त्या क्षणी टेबलावर काचेचा जड पेपरवेट होता आणि माझी नजर त्याच्यावर गेली, हे मला स्पष्ट आठवतं. भिंत बांधणाऱ्यांवर, वही ठेवणाऱ्यांवर, दार न उघडणाऱ्या त्या बाईवर गेले काही दिवस मी मनातल्या मनात चिडत होते. त्या सगळ्या वेळात तो कागद फाईलमध्ये पडलेला होता. आणि फडतरेला मी अशीच आहे हे ठाऊक होतं. जी बाई तेरा गोष्टी मोजते, तिच्या चौदाव्या गोष्टीवर कोणी संशय घेत नाही. त्याने माझ्या नेटकेपणाचाच उपयोग करून घेतला होता.

मोकाशींचा चेहरा मात्र सैल पडला. "मग प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "पाहणीत आहे म्हटलंय, मी नाही कसा म्हणणार? वाघचौरे, पुढे आपण सोसायटीला एक विनंतीपत्र देऊ." त्यांनी पेनाचं टोपण काढलं. पत्र टाईप होऊन तयारच होतं.

मी फाईल माझ्याकडे ओढली. फडतरेने ती सोडली. मी पुन्हा वाचून पाहतेय असं त्याला वाटलं असावं. तक्त्याखाली चार बोटं जागा कोरी होती. मी लिहिलं:

'मुद्दा क्र. ११ समोरील माझी नोंद चुकीची आहे. पाहणीच्या दिवशी तेथे बांधकामाच्या ट्रकसाठी ठेवलेली तात्पुरती फट होती. मी ती मोजली नाही व तिची खातरजमा केली नाही. आज त्या जागी सात फूट दोन इंच उंचीची भिंत आहे. स्वतंत्र प्रवेश : नाही.' खाली सही, तारीख, वेळ.

फडतरेने वाकून वाचलं आणि आल्यापासून पहिल्यांदा तो खुर्चीतून उठला.

"मॅडम, हे काय केलंत? चौतीस वर्षं काढली मी पालिकेत. फायलीत दुसऱ्याची चूक लिहितात."

"ती मला सापडली असती तर लिहिली असती."

"चौकशी लागेल तुमच्यावर," मोकाशी म्हणाले.  "खोटी नोंद केली म्हणून. नोकरीवर येऊ शकतं, कळतंय का?"

कळत होतं. माझ्या एकटीच्या पगारावर घर होतं.  फडतरे पान पाहत राहिला. पानावर लाल शाईत एकशे बारा हा क्रमांक घातलेला होता, मागे एकशे अकरा, पुढे एकशे तेरा. ते काढता येणार नव्हतं, हे त्याच्याइतकं चांगलं कोणाला कळणार.

मोकाशींनी पेनाचं टोपण परत लावलं. त्यात धैर्य नव्हतं. त्या ओळींनंतर 'सर्व अटी पूर्ण' म्हणून सही करायची त्यांना भीती वाटली. मला तेवढं पुरे होतं.

पुढे भिंत कोणाला पाझर फुटला म्हणून पडली नाही. तिसऱ्या इमारतीतल्या अठ्ठावीस कुटुंबांना नव्या घरात गणपती बसवायचे होते आणि ती सगळी रोज दुधगावकरच्या ऑफिसात जाऊन बसू लागली. अष्टपुत्रेबाईंनी दाराविरुद्ध सह्या गोळा केल्या. त्या अठ्ठावीस घरांनी त्यावर सही केली नाही. एकोणिसाव्या दिवशी सकाळी दोन गवंडी आले आणि त्यांनी पश्चिमेची भिंत तीन मीटर फोडली. मी टेप घेऊन गेले. दोन मीटर नव्वद निघालं. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि उरलेले दहा सेंटिमीटर फोडून घेतले.

माझी चौकशी आठ महिने चालली आणि एक वेतनवाढ थांबली. ऑक्टोबरच्या अहवालात नमुने पुन्हा चाळिशीवर गेले, तेव्हा रुग्णसंख्या का वाढली याचा खुलासा मागणारं पत्र वरून आलं. तेही माझ्याच नावाने.

पण मला सांगायचं आहे ते भिंत पडली त्या दिवसाचं. दुपारी मी मुक्ताकडे गेले, त्या नव्या वाटेने, चालत. सव्वादोन मिनिटं लागली. तिची थुंकी मी आदल्या दिवशी मागवून तपासली होती. निळ्या पार्श्वभूमीवर जंतूंच्या लाल काड्या, भिंग कुठेही सरकवलं तरी. दोन महिन्यांपूर्वी इतक्या नव्हत्या.

ती दाराशी बसून भांडी घासत होती. हाताची हाडं दिसत होती. मी म्हणाले, मागच्या बाजूला वाट झाली, आता गेटवर जायला नको, वही नाही. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाले की आधीचे अकरा डोस गेले, आता पहिल्यापासून, सहा महिने.

"का म्हनून?" ती म्हणाली. "मी तर घेत हुते."

तेव्हा मी तिला तक्त्याचं सांगितलं. वाट आहे असं मीच लिहून दिलं होतं. नसताना.

तिचे हात थांबले. "तू लिवलंस?"

"हो."

"बघितलं न्हवतंस?"

"लांबून बघितलं. चहा आला होता."

मला वाटलं ती शिव्या देईल, आणि तिने दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने पातेलं उचललं आणि पुन्हा घासायला लागली. ते झालं, मग ताटल्या, मग तवा. तवा तिने फार वेळ घासला. मला बस म्हणाली नाही. मी नवा खोका हातात धरून उन्हात उभी होते. शेजारणी येऊन बघून गेल्या. शेवटी तिने हात धुतले, पदराला पुसले, आतून तांब्या आणला आणि माझ्यापुढे तळहात पसरला.

मी पट्टी फोडून सात गोळ्या तिच्या हातावर ठेवल्या. तिने त्या एकेक करून गिळल्या, प्रत्येकीनंतर पाण्याचा घोट घेतला. मी खोक्यातलं कार्ड काढलं आणि पहिल्या चौकोनात खूण करायला पेन टेकवलं.

तिने माझं मनगट धरलं. तोंड उघडून जीभ बाहेर काढली, मग वर केली, दोन्ही गाल बोटांनी ताणून दाखवले.

"बघ," ती म्हणाली. "नीट बघ. मग लिव."